जोसेफिनबाईंची रिकामी गव्हाण

तिसरी घंटा झाली. खोकणाऱ्यांनी खोकून घेतलं. आता पडदा सावकाश वर जाऊ द्या.

माजिवड्याच्या उड्डाणपुलामागे, टॉवरांच्या सावलीत, अजून पाच-सहा बैठी घरं तग धरून आहेत. त्यातल्या हिरव्या दाराच्या घरातलं हे स्वयंपाकघर. तेवीस डिसेंबर, सकाळचे नऊ. उजवीकडे गॅसवर कढई, तीत नेवऱ्या तळल्या जाताहेत. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणीच. डावीकडे टेबलावर मैद्याचा ढीग, आणि काट्याच्या पाठीवर वळलेल्या चिमुकल्या कुलकुलांच्या रांगा. जमिनीवर पुठ्ठ्याचे डबे, बटर पेपर, सोनेरी दोऱ्या. फडताळात मोबाइल थरथरतोय. बाहेर खोदकामाचा खडखडाट. आणि या सगळ्याच्या मधोमध, गाउनवर ॲप्रन, कपाळाला पीठ आणि मनगटाला गुंडाळलेली रोजरीची माळ, अशी आपली नायिका उभी आहे. जोसेफिन. वय वर्षं सहासष्ट.

नायिका एका वेळी तीन कामं करत होती. झाऱ्याने नेवरी उलटत होती, फडताळातला फोन आता खांद्यात धरून नौपाड्याच्या योगिनीताईंशी बोलत होती, आणि ताई बोलत असतील तेव्हा ओठांतल्या ओठांत ‘नमो मारिया’ म्हणत होती.

“हो ताई, दोन किलो नेवऱ्या. मिल्क क्रीमच्या वड्या एक किलो. नाही हो, त्यात अंडं नाही! केकमध्ये आहे, पण केक वेगळ्या डब्यात देते ना. सासूबाईंना सांगा, डब्याला डबासुद्धा लागणार नाही.”

फोन ठेवला आणि तिने माळेकडे पाहिलं. बोट कितव्या मण्यावर होतं? चौथ्या की सातव्या? कळायला मार्ग नव्हता, कारण मण्यांवर मैदा बसला होता.

“गेली,” ती म्हणाली. “ही पण गेली.”

काय गेलं, ते कळायला पुढच्या खोलीत जावं लागेल.

पुढच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, दर वर्षीसारखा ख्रिस्तजन्माचा गोठा मांडला होता. लाकडी छप्पर, मातीची मारिया, मातीचा जोसेफ, एक शिंग मोडलेला बैल. मधोमध वीतभर लांबीची लाकडी गव्हाण. बाळ येशू त्यात चोवीस तारखेच्या संध्याकाळी ठेवायचा. तोवर ती गव्हाण रिकामी असते, आणि तिच्यात घरच्यांनी पेंढ्याच्या काड्या टाकायच्या असतात. नाताळाआधीच्या, आगमनकाळाच्या चार आठवड्यांत जितक्या प्रार्थना मनापासून झाल्या, तितक्या काड्या. म्हणजे बाळ जन्माला येतं तेव्हा त्याला अंथरूण तयार असतं.

पुष्कळ घरांत पोराबाळांच्या कौतुकासाठी हे करतात. या घरात मात्र त्याला कायदा होता, आणि तो गिल्बर्टने केला होता.

गिल्बर्ट जोसेफिनचा नवरा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर. घडवलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजून, मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडे-तिकडे झाला तरी स्वतःच स्वतःचा जॉब बाद करणारा माणूस. त्याचा नियम सरळ होता. ज्या प्रार्थनेत मन एकदाही दुसरीकडे गेलं नाही, तिचीच काडी. अर्ध्यात बाजारहाट आठवला? बाद. खाज सुटली? बाद. महिनाभरात त्याच्या पाच-सहा काड्या व्हायच्या. जोसेफिन रोज रात्री मूठभर टाकायची.

“जोसे, तुझ्या काड्या म्हणजे घाऊक माल,” तो म्हणायचा.

“आणि तुझ्या पाच काड्यांवर बाळाची पाठ टेकणार आहे होय? माझ्यामुळे झोपतंय ते,” ती म्हणायची.

ऑगस्टमध्ये गिल्बर्ट गेला. तीन आठवडे हॉस्पिटलात होता. शेवटच्या रविवारी त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, “यंदा गव्हाण तुझ्याकडे. उघड्या लाकडावर ठेवू नको त्याला.”

ती हो म्हणाली. आणि डिसेंबर लागला तेव्हा तिने ठरवलं, यंदा काडी टाकायची ती गिल्बर्टच्या मापाने. निदान या एका वर्षी.

आज तेवीस तारीख. गव्हाणीत एकही काडी नव्हती.

दोष द्यायचा तर जोसेफिनच्या कानांना द्यावा लागेल. लग्न होऊन उत्तनहून ठाण्याला आली आणि वर्षभरात नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे कामाला लागली. अठ्ठावीस वर्षं तिथेच. नंबर लावायचे, फोन घ्यायचे, रडणाऱ्या पोराला हातावर घ्यायचं, आणि मागच्या खोलीत सुया-कात्र्या कुकरमध्ये उकळत ठेवून बाहेरून शिट्ट्या मोजायच्या. बाहेर वीस पेशंट कलकलाट करत असले तरी जोसेफिनची शिट्टी कधी चुकली नाही. डॉक्टर म्हणायचे, हिला चार कान आहेत. ते चार कान आता घरीही मिटत नव्हते. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ती नकळत मोजायची आणि भिंतीवर थाप मारून ओरडायची, “बंद कर गं, चार झाल्या!”

अशा बाईने एकचित्त व्हायचं कसं?

प्रयत्न तिने पुष्कळ केले. पहाटे उठून बसली, तर दूधवाला आला. रविवारी चर्चमध्ये अर्धा तास आधी गेली, तर वर क्वायरची तालीम चालू आणि मागच्या बाकावरून कुजबुज, “जोसेफिन आंटी, माझे कुलकुल एक किलो वाढवा ना!” गुडघे टेकून डोळे मिटले की मिटल्या डोळ्यांपुढे रवा यायचा. किती लागेल, किती उरलाय. आणि कधी रवा आला नाही, तर हॉस्पिटलचा हिरवा पडदा यायचा. मग ती ताडकन उठायची आणि घरी येऊन पीठ मळायला घ्यायची. मागच्या वर्षी दहा घरांच्या ऑर्डरी होत्या, यंदा तिने सव्वीस घेतल्या होत्या. कुणी विचारलं तर म्हणायची, लोक सोडत नाहीत.

सून शॅनन हे सगळं बघत होती. मुलगा रॉकी बोटीवर, एप्रिलशिवाय येणार नव्हता. घरात या दोघीच. शॅनन आतल्या खोलीत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायची आणि मधे-मधे कानातलं काढून डबे बांधायला यायची.

त्या दिवशी दुपारी तिने गव्हाणीकडे पाहिलं, खिळ्याला टांगलेल्या पेंढ्याच्या जुडीकडे पाहिलं. कामाला येणाऱ्या रखमाबाई ती जुडी दर वर्षी कल्याणपलीकडच्या माहेरून आणतात. जुडी आणली तशीच्या तशी होती.

“मम्मी, उद्या संध्याकाळी बाळ ठेवायचंय. मी टाकू थोडं गवत? छान दिसेल.”

“दिसायला काय, थर्माकोलसुद्धा दिसतं छान!” जोसेफिन फिस्कारली. “ते काय डेकोरेशन आहे? त्यांचा शब्द आहे तो.”

“मग तुम्ही बसा ना जरा शांत. मी तळते.”

“तू तळशील? मागे तळलेल्यास त्या हातात धरल्या की फुटत होत्या!”

शॅननचा चेहरा उतरला. ती आत गेली. जोसेफिनला वाटलं, हाक मारावी. पण तेवढ्यात फोन वाजला.

संध्याकाळी डोंबिवलीचे डबे घेऊन जायला माणूस यायचा होता. त्याच्या आधी जोसेफिनने पेटीतून बाळ येशू काढला. सासूच्या वेळचा, मातीचा, तळहाताएवढा, उजव्या हाताचं एक बोट तुटलेला. त्याला हलक्या हाताने खोबरेल तेल लावून पुसलं, दर वर्षी गिल्बर्ट गुंडाळायचा तसा बटर पेपरमध्ये गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. टेबलावर मार्झिपान या बदामी मिठाईच्या पुड्या होत्या. त्याही बटर पेपरमध्ये. त्याही तळहाताएवढ्या. बेल वाजली. माणूस घाई करत होता. डबे बंद झाले, दोऱ्या बांधल्या गेल्या, माणूस गेला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. जोसेफिनने ओळखलं नाही.

चोवीस तारीख, सकाळी साडेदहा. फोन वाजला. पलीकडून एवढा मोठा आवाज की शॅनन आतून बाहेर आली.

“वहिनी! मी महिपत बोलतोय! कोपरवरून! तुमच्या मिठाईत देव निघाला!”

महिपत म्हणजे गिल्बर्टच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस, डोंबिवलीजवळ कोपरला राहणारा. दर नाताळात गिल्बर्ट स्वतः त्याच्याकडे डबा घेऊन जायचा. यंदा जोसेफिनने पाठवून दिला होता. तीस वर्षं प्रेसच्या धडधडाटात राहून महिपतच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता.

“काय निघालं?” जोसेफिन ओरडली.

“हॅलो? कोण बोलतंय? मला ऐकू येत नाही! घ्यायला या!” आणि फोन बंद.

जोसेफिनने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर बटर पेपरची एकच पुडी उरली होती. तिने ती उघडली. आत गुलाबी मार्झिपान.

“जेजू!” ती मटकन खुर्चीत बसली. “शॅनन, मी त्याला पार्सल केला गं.”

शॅननला हसू आलं. सासूचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. “मी जाते मम्मी.”

“नको. मी पाठवलाय, मीच आणणार.”

गल्लीतला संदेश रिक्षा घेऊन उभा होता. “आंटी, माणकोलीच्या नव्या पुलावरून सोडतो. डोंबिवली वेस्टला अर्ध्या तासात.” तो अर्धा तास तासाभराचा झाला, कारण पुलाआधी ट्रकांची रांग. जोसेफिनने माळ काढली. निदान इथे तरी.

“आंटी, देव चोरीला गेला काय?”

“चोरीला नाही रे, मीच दिला.”

“कुणाला?”

“गप गाडी चालव.”

“नाही, सहज विचारलं. आमच्याकडे गणपतीत एकदा मूर्ती अदलाबदल झालेली. पप्पा पार कारखान्यापर्यंत गेलेले...”

ती गोष्ट पूल संपेपर्यंत चालली. मधे योगिनीताईंचा फोन आला, मग चर्चमधून, मग आणखी दोन. शेवटी फोननेच मान टाकली. बॅटरी संपली. जोसेफिनने माळ पर्समध्ये ठेवली. चर्चमध्ये बायबलचं वाचन संध्याकाळी सात वाजता, दुसरं वाचन तिचं, साडीला इस्त्री नाही, सहा डबे द्यायचे बाकी, आणि गव्हाण रिकामी. कोपरला उतरताच तिने संदेशला थांबायला सांगितलं.

तीन जिने चढून वर गेली. दार उघडंच होतं. सोवळ्यासारखा पंचा नेसलेला, ओल्या केसांचा महिपत देवघरापुढे पाटावर बसला होता. आणि देवघरात, रांगणारा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध, लाल लोकरीच्या तुकड्यात लपेटलेला बाळ येशू.

“या वहिनी! बसा. बोट तुटलंय हो याचं. मी हळद लावली.”

खरंच, मातीच्या तुटक्या बोटावर पिवळा ठिपका होता. 

“महिपतभाऊ, द्या लवकर. खाली रिक्षा थांबलीय.”

“काय?”

“रिक्षा! थांबलीय!”

“थांबू दे. आता याला आंघोळ घातली, गंध लावलं, पूजा अर्ध्यात सोडून तुमच्या हातात देऊ? कुरिअर आहे का तो? बसा वीस मिनिटं.” मग स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाला, “बायको लेकीकडे गेलीय. खिचडी लावलीय कुकरला. मला शिट्टी ऐकू येत नाही, शेजारीण सांगते, ती आज घरात नाही. तीन झाल्या की बंद करा.”

“करते,” जोसेफिन म्हणाली. हे काम तिला सांगावं लागत नव्हतं.

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. हातात काही नव्हतं. फोन मेलेला. घड्याळ भिंतीवर होतं, पण बंद पडलेलं. बोटं मांडीवर आपोआप हलत होती, काट्यावर कुलकुल वळावा तशी. डोक्यात यादी धावत होती. साडी. सहा डबे. वाचन. शॅनन काल जेवली का नीट?

महिपतची पूजा संथ होती. म्हाताऱ्या थरथरत्या हाताने तो पळीभर पाणी घ्यायचा, त्यातला थेंब सांडायचा, तो बोटाने पुसायचा, पुन्हा पळी भरायचा. बाळकृष्णाला फूल वाहिलं. शेजारच्या पाहुण्यालाही वाहिलं. फूल घसरलं. त्याने उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा त्याने ते त्या लाल लोकरीत खोवलं आणि बाळाच्या तुटक्या बोटाकडे बघत राहिला.

दर वर्षी गिल्बर्ट म्हणायचा, यंदा अराल्डाइट लावून ते बोट बसवतो. आणि दर वर्षी राहून जायचं. चाळीस वर्षं राहून गेलं.

महिपतने घंटा वाजवली. स्वतःला ऐकू न येणारी घंटा तो मन लावून वाजवत होता. जोसेफिनने त्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहिलं आणि ‘नमो मारिया’ म्हणायला सुरुवात केली. माळ पर्समध्येच राहिली. हिरवा पडदा आला. या वेळी ती उठली नाही, उठून जायला इथे तिचं स्वयंपाकघर नव्हतं. पडदा होता तिथेच राहिला, ती पुढचे शब्द म्हणत गेली, आणि मग पडदाही नव्हता, खोलीही नव्हती. ते मातीचं बाळ होतं आणि ती होती.

किती वेळ, कुणास ठाऊक.

ती भानावर आली ती वासाने. करपल्याच्या.

“अगं आई गं!” ती धावली. स्वयंपाकघरात धूर होता. कुकर फुसफुसत होता, शिट्टीचा डोक्यावरचा भाग काळा पडला होता, ओट्यावर पिवळं पाणी उडालं होतं. तिने गॅस बंद केला. आठ शिट्ट्या झाल्या होत्या की दहा, हे एकट्या कुकरलाच ठाऊक होतं. तिने एकही ऐकली नव्हती.

महिपत मागे येऊन उभा राहिला. “किती झाल्या?”

जोसेफिन फडक्याने तोंड झाकून उभी होती. “माहीत नाही भाऊ,” ती ओरडून म्हणाली. “मला कळलंच नाही! तुमची खिचडी जाळली मी!”

महिपतने कुकरमध्ये डोकावलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हसायला लागला. “गिल्बर्टची बायको शोभता.”

“म्हणजे?”

“तुम्हाला नाही सांगितलं त्याने? डिसेंबरात त्याचा एखादा जॉब हमखास बिघडायचा. वर्षभर न बिघडणारा माणूस! सुपरवायझर बोंबलायचा, आणि हा आपला गालात हसायचा. मला खुणावायचा, महिपत, आज एक काडी झाली.”

जोसेफिन हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ऑगस्टपासून थांबवून ठेवलेलं ते पाणी, करपलेल्या खिचडीच्या धुरात, एका परक्या ओट्यापाशी मनसोक्त वाहिलं. महिपतने खिडकी उघडली, दह्याचं भांडं काढलं आणि नेवऱ्यांचा डबा पुढे ओढला. “मी हे जेवतो. तुम्ही पण घ्या एक.”

दोघं दह्याशी नेवऱ्या खात बसले. खाली संदेशने चार वेळा हॉर्न वाजवला. तो मात्र तिला ऐकू आला.

संध्याकाळ. पुन्हा हिरवं दार, पुढची खोली. शॅननने सासूची साडी इस्त्री करून ठेवली होती, सहाच्या सहा डबे पोचवले होते, आणि ती आरशापुढे कानात डूल घालत होती. जोसेफिनने खिळ्यावरची जुडी काढली. तिच्यातली एक काडी उपसली आणि गव्हाणीत ठेवली. गव्हाणीच्या मानाने ती फारच बारीक दिसत होती.

“एकच, मम्मी?”

“एकच झाली.”

शॅननने हातातला डूल खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाली, “माझ्या तीन आहेत. रॉकीसाठी म्हटलेल्या. तुम्ही रागवाल म्हणून टाकल्या नाहीत.”

“तीन?” जोसेफिनने कमरेवर हात ठेवले. “पूर्ण? मधे ऑफिसचा फोन वगैरे नाही आला?”

“एकदा आलेला. ती मोजली नाही मी.”

जोसेफिन सुनेकडे बघत राहिली. जणू पोरगी आज पहिल्यांदा या घरात आली होती. मग तिने जुडी तिच्यापुढे धरली. “टाक. आणि काल मी जे बोलले ना तळण्यावरून, ते जाऊ दे. पुढच्या वर्षी नेवऱ्या तू तळायच्या. फुटल्या तर फुटल्या.”

शॅननने तीन काड्या टाकल्या. चारही काड्या मिळून बाळाच्या पाठीखाली जेमतेम पुरल्या. हळदीचं बोट वर आलं. लाल लोकर जोसेफिनने काढली नाही. फडताळात फोन थरथरू लागला. दोघींपैकी कुणी उठलं नाही. जोसेफिनने मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, तिथे गिल्बर्ट नेहमीसारखा ओठ मिटून, बारीक डोळ्यांनी तपासत होता.

“घे गिल्बर्ट,” ती म्हणाली, “लाव तुझा मायक्रोमीटर.”